विरघळणारी स्प्रिंग आणि ८५ हजार रोख

दाजींच्या हृदयात ‘विरघळणारा अमेरिकन स्टेंट’ (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, लोक तिला स्प्रिंग म्हणतात) बसवतो म्हणून एका माणसाने आमच्याकडून ८५,००० रुपये रोख घेतले. बसला तो गुजरातेत तयार झालेला, नेहमीचा धातूचा. स्टेंट उत्तम आहे, दाजी ठणठणीत आहेत. तरी लिहितोय, कारण त्या माणसाने पैसे तर नेलेच, वर दाजींच्या डोक्यात एक थाप भरवून गेला आणि ती जिवावर बेतली असती.

सोलापुरात हृदयाच्या इलाजाला अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळपासून पार इंडी-विजयपूरपर्यंतचे पेशंट येतात. रात्री-अपरात्री गाडी करून आणलेला माणूस आत, आणि बाहेर कॅथलॅबच्या, म्हणजे स्टेंट बसवतात त्या खोलीच्या दारात उधार-उसनवारीचे पैसे पिशवीत घेऊन बसलेले घरचे. ही मंडळी कुणाचंही ऐकायला तयार असतात. त्यांच्यातच तो फिरत होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड, हातात कंपनीची बॅग. शेजारच्या पद्मशाली कुटुंबाशी तेलुगूत, इंडीच्या म्हाताऱ्याशी कन्नडमध्ये आणि आमच्या आक्काशी थेट “मावशी” म्हणून मराठीत. स्टेंट कंपन्यांची माणसं कॅथलॅबमध्ये खरंच ये-जा करतात, त्यामुळे संशय येण्याचं कारणच नव्हतं.

दाजी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. मनगटातून अँजिओग्राफी झाली, डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की मुख्य नळीत मोठं ब्लॉकेज आहे, एक स्टेंट लागेल, लगेच करू. सही घेतली आणि ते आत गेले. दार बंद होतंय तोवर हा भाच्याजवळ येऊन बसला.

“भाऊ, साधी स्प्रिंग आयुष्यभर आतच राहते. आपल्याकडं अमेरिकेची आहे, दोन वर्षांत विरघळून जाते. मग गोळ्यापण बंद. बिलात साध्याचाच रेट येणार, सरकारी नियम आहे. वरचा फरक रोख. लवकर सांगा, साहेब आत वायर टाकून बसलेत.”

भाच्याने मोफत उपचाराच्या सरकारी योजनेचं विचारलं. “योजनेत हलका टाकतात,” असं म्हणून त्याने विषय मिटवला. आक्काचं गंठण सराफाकडे गेलं आणि तासाभरात पैसे याच्या बॅगेत. पावती? “फरकाची पावती नसते, मावशी.”

आता यातलं खरं-खोटं बघा. सरकारी नियम आहे हे त्याचं खरंच होतं, फक्त तो नियम त्याच्याच विरुद्ध होता. २०१७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटची कमाल किंमत बांधून दिली: साधा धातूचा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये, वर कर. त्याआधी औषधवाल्या स्टेंटला लाख-सव्वा लाख मोजणारे कितीतरी होते. दर वर्षी घाऊक महागाईप्रमाणे हा आकडा थोडा हलतो. २०२५ मध्येही औषधवाल्याची मर्यादा चाळीस हजारांच्या आत होती. आणि कळीची गोष्ट म्हणजे विरघळणारा स्टेंटही त्याच औषधवाल्या गटात धरला होता. देशी असो, अमेरिकन असो, विरघळणारा असो, मर्यादा तीच. म्हणजे ‘वरचा फरक’ नावाचा प्रकारच अस्तित्वात नाही. ज्या अमेरिकन विरघळणाऱ्या स्टेंटचा सगळ्यात जास्त बोलबाला झाला, तो तर कंपनीने २०१७ मध्येच विकायचा बंद केला.

फुगा, वायर, कॅथेटर यांचे पैसे वेगळे लागतात, ते लागणारच. पण तेही बिलात येतात, कुणाच्या बॅगेत जात नाहीत.

बिंग फुटलं ते फेरतपासणीला. दाजींनी सहज विचारलं, “साहेब, स्प्रिंग विरघळत आली की गोळ्या सोडू ना?” डॉक्टर बघतच राहिले. दाजींनी तोवर एक गोळी दिवसाआड करायला सुरुवातही केली होती, म्हणे हळूहळू सवय मोडावी. रक्त पातळ ठेवणारी ही गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊ शकते आणि पुन्हा अटॅक येऊ शकतो. डॉक्टर चिडले ते आधी दाजींवर, मग सगळं ऐकल्यावर त्या माणसावर.

त्यांनी फाइल उघडून एक पान दाखवलं. घरी कपाटात त्याची झेरॉक्स होती, पण असल्या कागदाकडे कोण बघतं! स्टेंटच्या खोक्यात सोलून चिकटवायचे स्टिकर येतात, त्यातला एक तिथे लावलेला होता. बारीक इंग्रजीत कंपनीचं नाव, लॉट नंबर, मुदत संपायची तारीख, व्यास ३ मिलिमीटर, लांबी २४ मिलिमीटर, त्याखाली ‘कोबाल्ट क्रोमियम’ आणि ‘मेड इन इंडिया’. कोबाल्ट क्रोमियम म्हणजे धातू. तो विरघळत नाही, जन्मभर तिथेच राहतो, आणि त्याने काही बिघडतही नाही. सुरत-वापीकडे बनलेले स्टेंट परदेशातही जातात, त्यामुळे देशी म्हणजे हलका ही दुसरी थाप.

बिलात हेच नाव, हाच नंबर, मर्यादेतली किंमत. २०१७ च्या त्याच आदेशात स्टेंट बिलावर वेगळा दाखवून नाव, कंपनी आणि बॅच नंबर लिहायला सांगितलं आहे, म्हणून हे जुळवता आलं. तुमच्या घरी कुणाला स्टेंट किंवा पेसमेकर बसला असेल तर स्टिकर आणि बिल शेजारी ठेवून बघा. दोन स्टेंटचे पैसे लावले असतील तर स्टिकरही दोन हवेत. पेसमेकरचं तर कार्डच मिळतं, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. ते मागून घ्या.

योजनेचं ऐकून तर आक्का रडलीच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, २०२४ पासून रेशनकार्ड असलेल्या सगळ्यांना लागू आहे, पाच लाखांपर्यंत. आणीबाणीत फोनवर मंजुरी घेण्याची सोय आहे. आरोग्यमित्राचं, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल त्याच इमारतीत खाली होतं. १५५३८८ वर फोन केला तरी कोणतं हॉस्पिटल योजनेत आहे ते सांगतात. म्हणजे आमचे नुसते ८५ हजारच नाही, बिलाचे पैसेही वाचले असते.

हॉस्पिटलने हात झटकले: आमचा माणूस नाही. मग महिनोन्‌महिने कॅथलॅबच्या दारात बसत कसा होता, याला उत्तर नाही. कंपनीने कळवलं की या नावाचा कुणी त्यांच्याकडे नाही. फोन बंद. पोलिसांनी अर्ज घेतला, पहिला प्रश्न पावतीचा. भाच्याने त्याच दिवशी त्याला चहापाण्याचे म्हणून पाचशे रुपये मोबाइलवरून पाठवले होते, तेवढा एक धागा हाती आहे. त्या नंबरच्या खात्याची चौकशी चालू आहे म्हणतात. औषध मूल्य प्राधिकरणाकडेही ऑनलाइन तक्रार टाकली.

परवा भाचा दाजींच्या गोळ्या आणायला त्याच हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये गेला, तर रांगेत अक्कलकोटकडचा एक जण आईच्या अँजिओप्लास्टीचं सांगत होता. तीच विरघळणारी स्प्रिंग, तोच गळ्यात कार्डवाला. त्यांना ६५ हजार सांगितले होते आणि संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. भाच्याने त्याला तिथूनच खाली आरोग्यमित्राच्या टेबलाकडे नेलं.