सात महिने, चार ट्यूब आणि आईचा आयएनआर

चौथी ट्यूब चालू आहे, तेव्हा हे दुखण्यावर चोळायचं जेल कामाचं नाही असं म्हणायला मला तोंड नाही. डायक्लोफेनॅक, जवसाचं तेल, मिथाइल सॅलिसिलेट, मेंथॉल, घरोघरी असतं तेच. माझा उजवा खांदा त्याच्याच जिवावर चालतो. पहिल्या महिन्यात पाचपैकी साडेचार तारे दिले असते.

राग आहे तो ट्यूबच्या शेपटीवर. घटकांची यादी तिथेच, मुंगीच्या अक्षरांत. मी ट्यूब शेपटीकडून गुंडाळत जातो, वर कपड्यांचा चिमटा लावतो; थेंबही वाया जाऊ देत नाही. खोकं पहिल्याच दिवशी रद्दीत. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात यादी गुंडाळीत गडप.

आई माझीच ट्यूब वापरायची. दोन्ही गुडघे, दिवसातून तीनदा, वरून गरम पाण्याची पिशवी. तिचा हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह बदललेला, म्हणून वॉरफरिन, रक्त पातळ करणारी गोळी, कायमची. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा (जितका जास्त, तितका रक्तस्रावाचा धोका), २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा, वर्षभर तीनच्या आसपास होता. ऑगस्टमध्ये हिरड्यांतून रक्त, दंडावर काळानिळा डाग, आणि रिपोर्ट ५.२.

मी तिच्या मेथीवर घसरलो. डॉक्टर म्हणाले, मेथी-पालकात व्हिटॅमिन के असतं, त्यानं आयएनआर उतरतो, चढत नाही. नवी गोळी? नाही. अँटिबायोटिक? नाही. मग त्यांना वास आला. "काय लावता?"

"ते मलम आहे हो, औषध नाही," आई म्हणाली.

मिथाइल सॅलिसिलेट ॲस्पिरिनच्याच भावकीतलं. कातडीतून रक्तात उतरतं आणि वॉरफरिनचा जोर वाढवतं; जागा मोठी, त्यात शेक, तर आणखी. डायक्लोफेनॅक जेलमधून गोळीच्या मानानं फारच थोडं आत जातं, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही विचारूनच. जेल बंद, डोस डॉक्टरांनी बदलला, आठवड्यानं ३.१.

कंपनीला फोन केला. "सर, पॅकवर लिहिलेलं आहे." तिसऱ्या ट्यूबची गुंडाळी उलगडून टॉर्च मारला. मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के. लिहिलेलं आहे, खरंच!

जेलचा दोष नाही म्हणून तीन तारे. मी बीपीची टेल्मिसार्टन घेतो, तिच्या जोडीला डायक्लोफेनॅकसारखं औषध किडनीवर ताण आणू शकतं, तेव्हा स्वतःसाठीही विचारलं. किडनीचा रिपोर्ट बरा आहे, एकाच खांद्याला थोडं चालेल म्हणाले. आई आता नुसता शेक घेते. चौथी ट्यूब मी मधूनच दाबतो, शेपूट सरळ ठेवून. कोपऱ्यांत जेल अडकून राहतं, जीव जळतो.