डिझेल की हायब्रिड? आधी रोजचा रस्ता बघा

बेळगावात गाडी घ्यायची तर मायलेजच्या आकड्याआधी रोजचं फिरणं मोजा. टिळकवाडीतून शाळा, तिथून मार्केट, संध्याकाळी शहापूर, एका खेपेला चार-पाच किलोमीटर. दिवस असा जात असेल, तर एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांतल्या) डिझेलचं दुखणं म्हणजे डीपीएफ, म्हणजे धूर गाळणारा फिल्टर, आणि माझ्या मते निकाल तिथेच लागतो.

सायलेन्सरच्या वाटेवरची ही जाळी काजळी धरते. ती काजळी जाळायला आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे साठच्या वर वेग ठेवून सलग वीसेक मिनिटं. त्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. गोगटे सर्कलला पोचून चावी फिरवली की जळण अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढून बघा: ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पातळ, डिझेलचा वास. ऑइल कमी होत नाही म्हणून समाधान मानू नका. असं ऑइल टर्बोचं बेअरिंग खातं, सर्व्हिसची तारीख न बघता बदला. डीपीएफचा दिवा लागला की काकतीवरून हत्तरगीकडे हायवेला काढा, एक गिअर खाली, आरपीएम दोन हजारांच्या वर, मध्ये बंद न करता.

हायब्रिडला ही कटकट नाही. (स्ट्राँग हायब्रिड म्हणतोय, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला नुसत्या बॅटरीवरही चालणारी. माइल्ड हायब्रिडची मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, ती या हिशेबात धरू नका.) गर्दीत ती बरीचशी बॅटरीवर सरकते. शहरात लिटरला वीस-बावीस पडतात, दीड लिटर डिझेलला तेरा-चौदा. कोल्हापूर हायवेवर मात्र शंभरच्या पुढे हा फायदा उरत नाही.

चोर्ला घाटात पाच माणसं आणि सामान असेल तर डिझेलचा जोर वेगळाच. हायब्रिडची बॅटरी चढावर उतरते, इंजिन ओरडतं आणि वेग मागून येतो. तो बिघाड नाही, ई-सीव्हीटीची, म्हणजे हायब्रिडच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, रीत आहे. उतारावर बॅटरी भरली की बी मोड (इंजिनाने गाडी रोखणारा गिअर) लावा, ब्रेक तापत नाहीत. दर आठवड्याला पुणे किंवा गोवा करणाऱ्याने अजून डिझेल घ्यायला हरकत नाही. बाकीच्यांना मी हायब्रिडच सुचवेन.

फक्त मागच्या सीटजवळची बॅटरीच्या हवेची जाळी सांभाळा. खानापूरकडची तांबडी धूळ तिथे बसते, पंखा घोंघावतो आणि बॅटरी तापते. प्रत्येक सर्व्हिसला तो फिल्टर समोर काढून साफ करायला लावा, आणि जाळीपुढे पिशव्या ठेवू नका.