टेक्सासची रँच, दुर्मीळ पक्षी: सेफ हार्बर करावा की ईझमेंट?

मध्य टेक्सासच्या हिल कंट्रीत रँच असेल, तर दुर्मीळ पक्ष्यांसाठी स्वखुशीने करता येण्याजोगे दोन करार आहेत: सेफ हार्बर आणि ईझमेंट. बहुतेकजण कर किती वाचेल ते आधी बघतात. मी म्हणेन, आधी आपल्या रानात कोणता पक्षी आहे ते बघा.

सेफ हार्बर फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसशी, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव खात्याशी होतो, ठरावीक मुदतीचा. १९७३च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याने संकटग्रस्त पक्ष्याला इजा करणं खाजगी जमिनीवरही गुन्हा आहे. म्हणून पक्षी आला की आपले हात बांधले जातील, ही मालकाची धास्ती. आणि त्या धास्तीपोटी झाडोरा आधीच साफ होतो. करार नेमकी तीच धास्ती काढतो. सही करताना जेवढा अधिवास असेल, तेवढा राखायचा. त्याहून जास्त वाढलेला अधिवास मुदतीत पुन्हा कमी करता येतो. दक्षिण टेक्सासच्या रँचांवर ॲप्लोमॅडो ससाणा याच कराराच्या आधाराने परत आणला गेला. २०२४पासून नवे करार 'कॉन्झर्वेशन बेनिफिट ॲग्रीमेंट' या नावाने होतात.

ईझमेंट म्हणजे जमीन आपलीच ठेवून ती विकसित करण्याचा हक्क सोडून देणं, आणि तेही कायमचं. सातबाऱ्यावरच्या बोजासारखं ते जमिनीला चिकटतं, पण कधीच फिटत नाही. मुलांना आणि पुढच्या खरेदीदारालाही बांधतं. गुरं चारता येतात, प्लॉट पाडता येत नाहीत. हा हक्क दान दिल्यास पात्र रँचवाल्याला आयकरात उत्पन्नाच्या १०० टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, उरलेली पुढची १५ वर्षं वापरता येते.

आता पक्षी. सोनेरी गालांचा वॉर्बलर मध्य टेक्सासबाहेर कुठेच घरटं बांधत नाही. त्याला घरट्यासाठी जुन्या ॲश जुनिपर झाडाच्या सोललेल्या सालीच्या पट्ट्या लागतात. रँचवाले याच झाडाला 'सीडर' म्हणून तोडत आले. असं रान उभं राहायला अनेक दशकं जातात, मुदतीचा करार त्याला पुरत नाही. तिथे ईझमेंटच. उलट काळ्या टोपीच्या व्हिरिओला खुरटं झुडूप हवं. ते आगीनंतर किंवा छाटणीनंतर पुन्हा फुटतं, वाढू दिलं तर त्याच्या कामाचं राहत नाही. २०१८मध्ये तो संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. गुरांमागे येणारे काउबर्ड त्याच्या घरट्यात अंडी घालतात, ते पकडण्याच्या सापळ्यांचा त्या यशात मोठा वाटा होता. अशा सतत हाताळाव्या लागणाऱ्या रानाला सेफ हार्बरसारखा लवचीक करार बरा.

भावंडांत एकमत नसेल तर ईझमेंटची घाई नको. ते फक्त जुन्या जुनिपरच्या दरीपुरतंही करता येतं. मसुद्यात चराई आणि सीडरतोडीची कलमं स्पष्ट आहेत का, हे वकिलाकडून तपासून घ्या.