एक मोसम वापरलेलं ‘सॉल्टवॉटर’ रील आणि फुकट गेलेली मालवणची ट्रिप

मासे गरवायचं माझं रील बिघडलं होतं, त्यावर सर्व्हिस सेंटरचं उत्तर अखेर आलं: खाऱ्या पाण्याने गंज धरलाय, वॉरंटीत बसत नाही. ज्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘सॉल्टवॉटर’ छापलंय, त्यातल्या रीलबद्दल हे उत्तर! रील ५००० साइजचं, त्यावर पीई ३ जाडीची ब्रेड (विणलेली दोरी), किंमत साडेनऊ हजार. बाकीचे आकडे खोक्यावर आहेतच. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रार चालू आहे.

रील घेतलं नारळी पौर्णिमेच्या सुमारास. पहिले काही महिने कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून ‘घे’ म्हणालो असतो. बँडस्टँडच्या खडकांवर, मढला, भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवसला, सगळीकडे नेलं. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा ठरावीक ताणावर दोरी सोडणारा ब्रेक, तर या किमतीत मी असा पाहिला नव्हता. ब्रेड ४० पौंड ताण सोसणारी, म्हणजे साधारण १८ किलोची. तिच्या एक तृतीयांशापर्यंत ड्रॅग ठेवायचा हा नेहमीचा हिशोब. सामान तोलायच्या काट्याला दोरी बांधून मी सहा किलोवर लावला, तर धक्का न बसता दोरी एकसारखी सुटत होती. रेवसला एका दांडग्या शिंगाळ्याने जेटीच्या खांबाकडे धाव घेतली तेव्हा याच ड्रॅगने त्याला वळवलं. हँडलमध्ये खेळ नाही, उलटं फिरणं नाही. प्रत्येक वेळी घरी आलो की ड्रॅग आवळून नळाच्या हलक्या धारेखाली धुवायचं, पुसायचं, सावलीत वाळवायचं आणि मग ड्रॅग सैल करून ठेवायचं. पुस्तिकेत असंच लिहिलंय आणि मी ते एकदाही चुकवलं नाही.

मग जानेवारीत आम्ही चौघे मालवणला निघालो. मुंबईहून जवळजवळ ५०० किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि माणगावात अजून गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. कशेडीच्या बोगद्यामुळे घाट वाचतो, तेवढाच दिलासा. रात्रभर गाडी चालवून पहाटे धक्क्यावर पोचलो. बोटीचे बारा हजार, डिझेल, बर्फ, जिग (धातूचं आमिष), लीडर (आमिषाजवळची जाड दोरी) हे सगळं धरून माणशी साडेसहा हजारांच्या वर गेलं. पैसा असा दर्यावर ओतायचा तर निदान सामानाने तरी साथ द्यावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, म्हणून बोट चालवणाऱ्या तांडेलाने तिथे न थांबता बोट थेट बाहेर काढली. सकाळी मतलई वारा असेपर्यंत पाणी शांत होतं. चाळीस वाव खोलीवर जिग सोडायला सुरुवात केली. तासाभरात एकाला लहानशी तांबोशी लागली, दुसऱ्याला दोन बांगडे, मला काहीच नाही. तांडेल म्हणाला की रात्री बाहेर एलईडीवाल्या बोटी होत्या, मासा तिकडे ओढला जातो. केंद्राने २०१७ मध्येच दिवे लावून मासेमारी करायला बंदी घातली, तरी पहाटे धक्क्यावरून क्षितिजावर उजेड आम्हीही पाहिला होता. गरवणाऱ्याच्या पदरी त्यातून काय उरतं, ते बर्फाच्या पेटीत दिसत होतं.

आणि मग मला मासा लागला. जिग निम्म्यावर उचललेलं असताना रॉड वाकला आणि दोरी सरळ खाली जायला लागली. कुपा (ट्यूना) असणार, तो असाच खोल जातो. ड्रॅग सुरेख सुटत होता, पण बेलजवळून (दोरी वळवून गुंडाळणाऱ्या तारेच्या कडीजवळून) करकर आवाज यायला लागला. तांडेल सुकाणू सोडून जवळ आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “साहेबानू, ह्यां चाक फिरनाच नाय. दोरी कापतां.” तो बोलेपर्यंत दोरी गेली होती. तीही खाली नाही, डोळ्यांदेखत, रीलपाशी. सुरमईचे दात लागले असते तर लीडर गेला असता, तोही साफ कापून. हे टोक पिंजलेलं होतं, आणि त्याच्या मागची हातभर दोरी बोटाला खरखरीत लागत होती.

अकरानंतर वायव्येचा वारा उठला, लाटा फुटायला लागल्या आणि तांडेलाने बोट वळवली. सोळा-सतरा तासांचा जाता-येता प्रवास आणि पेटीत दोन बांगडे, एक तांबोशी.

घरी येऊन मी लाइन रोलर उघडला. बेलच्या टोकाशी असतो तो, दोरी जिथून वळून स्पूलवर, म्हणजे गुंडाळायच्या रिळावर येते, ते छोटं चाक. स्क्रू निघायला तयार नव्हता. निघाला तेव्हा आत मिठाची पांढरी पूड आणि तपकिरी गंज. नखाएवढं बेअरिंग आतल्या दांडीला चिकटून बसलेलं, आणि रोलरच्या पृष्ठभागावर दोरीने पाडलेली बारीक खाच. रोलर फिरला नाही की दोरी एकाच जागी घासत राहते. मासा धावतो तेव्हा ताणाखालची सगळी दोरी त्याच खाचेतून जाते. शिवाय दोरीला पीळ पडतो आणि आमिष लांब फेकताना गाठी होतात. डिसेंबरपासून मला त्या गाठी येत होत्या. आतल्या मोठ्या बेअरिंगना रबरी सील आणि ज्याच्यावर मिठाचं पाणी ठिबकत राहतं त्याला साधा पत्रा! ग्रीस तर नावालाही नव्हतं. बाहेरून धुताना पाणी आत शिरतं आणि तिथेच राहतं. ही चूक बनवणाऱ्याची आहे.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उत्तर असं: “सर, बेअरिंग वेगळं मिळत नाही. पूर्ण बेल असेंब्ली घ्यावी लागेल, बावीसशे.” मी पुस्तिका पुढे केली, धुण्याची पद्धत दाखवली. त्यांनी रील तीन आठवडे ठेवून घेतलं आणि ते वर लिहिलेलं उत्तर देऊन परत पाठवलं.

ते परत आल्यावर मी बेअरिंग घेऊन नागदेवी स्ट्रीटला गेलो. दुकानदाराने मापपट्टी लावली आणि दोन मिनिटांत त्याच मापाचं, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं स्टेनलेसचं काढून दिलं. एकशे वीस रुपये. खाच बारीक पॉलिश पेपरने घासून काढली, चिमूटभर मरीन ग्रीस लावलं, स्क्रू बसवला. बावीसशेचं काम एकशे वीसमध्ये, तेही मूळच्यापेक्षा चांगल्या मालाने.

त्यानंतर मढला आणि रेवसला पुन्हा वापरलं आणि माझं मत पुन्हा बदललं. मालवणहून येताना गाडीत मी हे रील विकायचं ठरवलं होतं. आता विकणार नाही. गाठी बंद झाल्या, करकर गेली, ड्रॅग पहिल्या दिवसासारखाच. साडेनऊ हजारांत असा ड्रॅग दुसरीकडे मिळत नाही, हे मी आजही म्हणेन. पण खोक्यातून काढून तसंच बोटीवर नेऊ नका. रोलरवर मार्करने ठिपका द्या, ड्रॅग सैल करून दोरी हाताने ओढा. ठिपका फिरला पाहिजे. दर महिन्याला हे करा, आणि घेताना दुकानदाराकडून लिहून घ्या की रोलरचं बेअरिंग सुटं मिळतं का.

बेअरिंगचे एकशे वीस मी सोडून देऊ शकतो, ‘सॉल्टवॉटर’ लिहून विकलेल्या मालाला मीठ लागलं म्हणून वॉरंटी नाकारणं सोडणार नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. जुनं बेअरिंग, पिंजलेली दोरी आणि बिल एका पाकिटात घालून ठेवलंय. खोक्यावर ‘सॉल्टवॉटर’ लिहिलेलं रील तुमच्याकडेही असेल तर रोलरचा स्क्रू उघडून बघा, आणि आत गंज दिसला तर पुसण्याआधी फोटो काढा.