पॅथॉलॉजी: एमवायचं एमडी की खाजगीतलं डीएनबी?

अगं, एमवाय म्हणजे इंदुरातल्या सरकारी हॉस्पिटलातलं एमडी काय नि खाजगी हॉस्पिटलातलं डीएनबी (राष्ट्रीय बोर्डाची एमडीसारखीच पदवी) काय, दोन्ही 3 वर्षांचंच, थिसिसही दोन्हीकडे, त्यावर डोकं नको खपवूस. खरं बघायचं ते ग्रॉसिंग, म्हणजे ऑपरेशनात काढलेला भाग तपासून त्याचे तुकडे कापणं. इंदुरात एमवायला पार झाबुआ-अलिराजपूरहून पेशंट येतात, त्यामुळे सिकलसेलचं रक्त मायक्रोस्कोपखाली बघायला मिळतं, टीबीच्या गाठी वगैरे स्वतःच्या हाताने कापून स्लाइडवर बघायला मिळतात आणि डोळा असाच तयार होतो, पण कामाचा लोडही तसाच. मोठ्या खाजगी हॉस्पिटलात केसेस कमी, मात्र आयएचसी (अँटिबॉडी वापरून पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी), फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेली तपासणी) बहुतेक हाताशी असतात. सीनियर शेजारी बसवून शिकवतात का, हे तिथे शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरलाच विचार, ब्रोशर बघू नकोस. परीक्षा एमडीची विद्यापीठ घेतं, डीएनबीची राष्ट्रीय बोर्ड. फी-स्टायपेंड लेखी घे.

पाया पक्का हवा, पुढे कॉलेजात शिकवायचंय, तर एमवाय. कॅन्सर रिपोर्टिंगच करायचं ठरलंय आणि शिकवणारा सीनियर खरंच आहे, तर डीएनबी.