मेलॉक्सिकॅम इंजेक्शन: गायीला चालते, गिधाडालाही

गोठ्यात ताप, सूज, लंगडणे किंवा दगडीवर (कासदाहावर) एकच वेदनाशामक ठेवायचे असेल, तर ते मेलॉक्सिकॅमच असावे. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला, ते पुढे येईलच.

आधी गिधाडांचे. डायक्लोफिनॅक हे दुसरे वेदनाशामक टोचलेले जनावर दोन-तीन दिवसांत मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, आतल्या अवयवांवर युरिक अॅसिडचा पांढरा थर चढतो आणि पक्षी मरतात. 2004 मध्ये हे सिद्ध झाले. एवढ्या संहाराला शंभरातले एक मढेही विषारी असावे लागत नाही, त्याहून कमी पुरतात. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. मुंबईच्या डोंगरवाडीतल्या पारशी दख्म्यांवरही (मृतदेह गिधाडांसाठी ठेवायच्या मनोऱ्यांवरही) गिधाडे येईनाशी झाली.

2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅमची गिधाडांवरची चाचणी प्रसिद्ध झाली आणि ते निर्धोक ठरले.

तरी गावोगाव एकच तक्रार ऐकू येते: 'हे लागू पडत नाही.' दोष बहुतेक वेळा औषधाचा नसतो, मापाचा असतो. मात्रा वजनाच्या दर किलोला 0.5 मिलीग्रॅम. बाजारात 5 मिलीग्रॅम प्रतिमिली आणि 20 मिलीग्रॅम प्रतिमिली अशा दोन्ही ताकदींच्या बाटल्या मिळतात. 400 किलोच्या म्हशीला पहिलीतले 40 मिली लागते, दुसरीतले 10. पहिलीची 30 मिलीची अख्खी बाटली रिकामी केली तरी मात्रा अपुरीच. 15 मिली टोचून गुण कसा यायचा?

वजन नजरेने ठरवू नका. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660 म्हणजे अंदाजे किलो. घेर 68, लांबी 58 असेल तर साधारण 406 किलो. या हिशेबाला दोन मिनिटे लागतात, पण तेवढीही कोणी देत नाही.

कापलेला अर्धा गुण सुजेचा. मेलॉक्सिकॅम अल्कधर्मी द्रावणातच नीट विरघळते, म्हणून हलक्या प्रतीच्या बाटलीने टोचलेल्या जागी आग होते, गाठ येते. मांसात द्यायचे असेल तर एका जागी 10 मिलीपेक्षा जास्त भरू नये, बाकीचे दुसऱ्या बाजूला द्यावे. शिरेतून देणे डॉक्टरांचेच काम. असर लांबतो, त्यामुळे दिवसातून दोनदा टोचण्याचा खटाटोप नको. हगवणीने पाणी आटलेल्या जनावराला आधी सलाईन, मग हे, नाहीतर मूत्रपिंडावर ताण येतो. डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) किंवा दुसऱ्या वेदनाशामकाची जोड देऊ नये, पोटात व्रण होतात. आणि ताप उतरला म्हणजे दगडी बरी झाली असे नव्हे. मूळ दुखण्याचा इलाज वेगळा करावा लागतो. युरोपातल्या लेबलांवर दूध 5 दिवस वगळायला सांगतात. आपल्या बाटलीवर काय छापले आहे ते वाचावे.

मेडिकलवाल्याने 'त्यापेक्षा भारी' म्हणून दुसरे काही पुढे केले, तर नाव वाचा. एसिक्लोफिनॅक गुरांच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनते. ते आणि किटोप्रोफेन 2023 पासून जनावरांसाठी बंद आहेत, पुढे निमेसुलाइडही बंद झाले. माणसांच्या डायक्लोफिनॅकची कुपी 2015 पासून 3 मिलीचीच आहे. मोठ्या जनावरासाठी एकामागून एक कुप्या फोडत बसायला लागावे, हाच त्यामागचा डाव. टॉल्फेनॅमिक अॅसिड मात्र खरा पर्याय आहे. तेही गिधाडांना निर्धोक ठरले आहे. मात्रा दर किलोला 2 मिलीग्रॅम, गरज पडल्यास 48 तासांनी पुन्हा एकदा.

गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी खाद्यस्थळे केली आहेत, नाशिकजवळ खोरीपाड्यातही आहे. मेलेले जनावर तिथे देण्याआधी शेवटच्या आठवड्यात काय टोचले ते सांगता आले पाहिजे. गोठ्याच्या वहीत औषधाचे नाव, ताकद, मिली आणि तारीख लिहून ठेवा. नोंद नसेल तर जनावर पुरून टाका.