होंडा यूएमके ४३५टी ग्रास कटर: बागेत आणि माळ्यावर

राजापूर तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत, थोडी काजू. बाग सगळी कातळावर आणि उतारावर. पाऊस सरता सरता गवत कमरेला लागतं, आणि दिवाळीच्या आसपास बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची कापणी, उरकली नाही तर पुढे वणव्याची धास्ती. बेणायला माणसं मिळेनाशी झाली तेव्हा आम्ही हा कटर घेतला. बरेच हंगाम काढल्यावर आता त्याच्याबद्दल लिहितेय, कारण दुकानात चालू करून दाखवतात तेव्हा सगळीच मशिनं छान वाटतात.

इंजिन जीएक्स ३५, फोर-स्ट्रोक, ३५.८ सीसीचं. टाकीत साधं पेट्रोल, ऑइल वेगळं. माझ्या मते घेण्याचं खरं कारण हेच. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मापून मिसळावं लागतं. आमच्याकडे कटर कधी मुलगा चालवतो, कधी रोजावर येणारा माणूस. प्रत्येकाच्या हातचं मिश्रण वेगळं, आणि ऑइल कमी पडलं की इंजिन बसलंच. इथे तो प्रश्नच येत नाही. उतारावर कसंही तिरकं धरलं तरी ऑइल पोचतं. वजन सात-साडेसात किलो, त्यामुळे पट्टा अंगाबरोबर बांधून घ्या, नाहीतर दुपारपर्यंत खांदा बोलायला लागतो. साध्या टू-स्ट्रोकपेक्षा महाग आहे, पण मोठ्या बागेला परवडतो. घरामागच्या परड्यापुरतं काम असेल तर नका घेऊ, विळा पुरे.

मोकळ्या जागी नायलॉनची वायर, घाणेरीच्या जाळ्यांना पातं. कलमाच्या बुंध्याशी मात्र वायरसुद्धा नको, कोवळी साल गोल सोलून निघते आणि कलम उभ्या उभ्या वाळतं. तेवढं गवत हातानेच काढायचं. सुकलेल्या गवतात पातं दगडावर आपटलं तर ठिणगी उडते, म्हणून थंडीतली राहिलेली कापणी आम्ही सकाळी दव असतानाच करतो.

देखभाल फारशी नाही. ऑइल जेमतेम १०० मिली मावतं, त्यामुळे थोडं कमी झालं तरी फरक पडतो; रोज सुरू करण्याआधी मशीन सपाट ठेवून बघायचं. पहिलं ऑइल १० तासांनी, मग दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं. एअर फिल्टरचा स्पंज धुऊन, वाळवून, ऑइलचा हात लावून पिळून परत बसवायचा.

खरी परीक्षा मशीन ठेवून देताना होते. आमचा कटर साधारण डिसेंबरात माळ्यावर जातो तो थेट पावसाळ्यात उतरतो. एवढे महिने टाकीत पेट्रोल राहिलं की संपलं. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. राजापूरला मेकॅनिककडे बसले होते तेव्हा एक गृहस्थ बंद पडलेला कटर घेऊन आले. मेकॅनिकने कशालाही हात लावण्याआधी विचारलं, "दादा, पेट्रोल कधीचं?" "गणपतीतलं असेल." तेव्हा शिमगा जवळ आला होता. त्याने टाकी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतली आणि उजेडाला धरली. खाली पाणी आणि इथेनॉलचा बोटभर गढूळ थर, वर पिवळट पेट्रोल, मध्ये सरळ रेघ. इंजिन खालचा थर ओढत होतं, सुरू कुठून होणार?

म्हणून ठेवताना टाकी पूर्ण रिकामी करायची. काढलेलं पेट्रोल ताजं असतं, ते स्कूटरला चालतं. मग कार्बोरेटरखालचा रबरी फुगा दाबत राहायचं. पारदर्शक नळीतून आधी पेट्रोल जातं, मग पेट्रोल आणि बुडबुडे, शेवटी नुसती हवा. तिथे थांबायचं. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून आत ऑइलचे चार थेंब सोडायचे, दोरी हळू ओढून ऑइल पसरवायचं, प्लग लावायचा आणि दोरी जड लागेल तिथपर्यंत ओढून सोडून द्यायची. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा आत जात नाही. एवढं केलं की पुढच्या हंगामात मशीन बिनबोभाट चालू होतं.

या कटरला बॅटरी नाही. पण बागेत फवारणीचा बॅटरी पंप असतोच, आणि कटर माळ्यावर चढतो त्या सुमारास पंप मोहरासाठी उतरलेला असतो. त्यातली १२ व्होल्टची शिशाची बॅटरी पेट्रोलच्या अगदी उलट वागते: टाकी रिकामी ठेवायची, बॅटरी मात्र भरलेली. अर्धवट उतरलेली बॅटरी पावसाळाभर पडली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्जर लावूनही ती धरत नाही. जूनमध्ये पूर्ण चार्ज करा, पंपाचं बटण बंद आहे ना बघा, आणि दर दोन महिन्यांनी मीटर लावा. १२.४ व्होल्टच्या खाली आली की पुन्हा चार्जिंग.

आता मेलेल्या बॅटरीबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतेय. ती फिरत्या भंगारवाल्याला देऊ नका. शिसं काढून घेऊन आतलं आम्ल पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला ओतलेलं मी पाहिलंय, आणि त्याच पऱ्याचं पाणी खाली विहिरींत झिरपतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि आपण ती इतर कचऱ्यात टाकायची नाही. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ते त्यासाठीच. नवीन घेताना जुनी दुकानात द्या, शिशाला किंमत असल्यामुळे तिचे पैसे वजा होतात. वजावट बिलावर लिहून घ्या. इंजिनचं काळं ऑइलही मातीत ओतायचं नाही. आम्ही कॅनमध्ये साठवतो आणि ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये देतो. कॅनवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर कुणीतरी तेच परत इंजिनात भरेल.